पोळीचा तुकडाही मोडवेना
भराभर बटणं बडवायला लावणारे व्हिडिओ गेम अंगठ्याची वाट लावतात, हे तुमच्या लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण हे आजचं नाही हो. कोनामी या जपानी कंपनीचा 'ट्रॅक अँड फील्ड' हा मैदानी शर्यतींचा गेम १९८३चा. त्यात धावायचं म्हणजे बटण बडवत राहायचं, बस्स! आम्ही नारायण पेठेत भाड्याच्या टीव्ही गेमवर तेच करायचो. मावसभाऊ हुशार, तो पेनचं टोपण बटणावर घासायचा. मी मात्र अंगठ्यानेच. रात्री टरटरून फोड आला, पोळीचा तुकडा मोडताना डोळ्यांत पाणी. आईला सांगितलं, सायकलचा ब्रेक लागला!

निन्टेन्डो कंपनीच्या 'मारिओ पार्टी' गेममध्ये कंट्रोलरची स्टिक तळहाताने गरगरा फिरवून पोरांना असेच फोड आले, तेव्हा २००० साली न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाशी) तडजोड करून निन्टेन्डोला हातमोजे द्यावे लागले होते.

लेखात एक राहिलं. 'अनचार्टेड ४' किंवा २०१८च्या 'स्पायडर-मॅन'च्या सेटिंगमध्ये बडवण्याऐवजी बटण नुसतं दाबून धरायची सोय आहे. परवा लेकाला ती चालू करून दिली, तर म्हणतो, "बाबा, ही चीटिंग आहे." लगेच बंदही केली पठ्ठ्याने.