आत्मविश्वास सायकलवरच कमवावा लागतो

पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये शेवटचे १० किलोमीटर पाय नव्हे, मन धावते, हे एका लेखात वाचलेले विधान मला पटले नाही. ३.८ किलोमीटर पोहून आणि १८० किलोमीटर सायकल चालवून झाल्यावर ४२.२ किलोमीटरच्या धावेत मन किती साथ देणार, हे बरेचसे सायकलवरच ठरून गेलेले असते. माझ्या पहिल्या शर्यतीत पाण्याबाहेर आल्यावर अंग इतके हलके वाटत होते की पहिले ४० किलोमीटर मी ठरवलेल्यापेक्षा बराच जोर लावला. हवेचा रोध भेदायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वाचवलेल्या चार मिनिटांपायी स्नायूंतले किती ग्लायकोजेन (साठवलेले इंधन) खर्ची पडले, ते धावेच्या २६व्या किलोमीटरला कळले. पोट ऊर्जा देणारे जेल स्वीकारेना आणि पाण्याचा पेला हातात धरून मी चालू लागलो. जिद्द तेव्हाही शाबूत होती, इंधन संपले होते.

पुढच्या तयारीत दर लांब सायकल सरावानंतर लगेच धावायचे आणि पहिले ५ किलोमीटर मुद्दाम संथ ठेवायचे, एवढे मी कटाक्षाने पाळले. शर्यतीत पहिल्या तासाभरात कितीतरी जण मला मागे टाकून गेले (त्यांना जाऊ देणे फार जड जाते), तरी पेडल मारायला लागणारी शक्ती दाखवणाऱ्या पॉवर मीटरवरचा ठरवलेला आकडा मी सोडला नाही, कारण त्याच आकड्यावर पाच तास काढल्यावर पाय धावतात, हे मी सरावात तीनदा अनुभवले होते. लेखकाने या सरावाला एखादा परिच्छेद तरी द्यायला हवा होता.