‘नुसता विचार करा आणि शनिवारवाडा फिरा’? नाही, असं होत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. कपाळाला पट्टा बांधा, व्हीआर चष्मा चढवा, मनात ‘पुढे’ म्हणा, की शनिवारवाड्यात चालू लागाल. पट्टा विचार वाचतो, अर्ध्या तासात कुणालाही जमतं, अर्धांगवायूचा पेशंटही याने पुन्हा चालतो. आमच्या ओळखीच्या एक काकू हे वाचून काकांसाठी पैसे भरायला निघाल्या, म्हणून लिहितोय.

आधी ‘विचार वाचतो’ हे घेऊ. डोक्यावरून मिळणारा ईईजी सिग्नल, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, काही मायक्रोव्होल्टचा (व्होल्टचा दहा लाखावा भाग), तोही कवटीतून येताना पसरलेला. त्यात ‘पुढे’ हा शब्द सापडत नाही. हात किंवा पाय हलवल्याची नीट कल्पना केली, की मेंदूच्या हालचालीशी संबंधित भागातली साधारण ८ ते १३ हर्ट्झची (सेकंदाला ८ ते १३ वेळा होणारी) लय क्षीण होते. संगणक तेवढाच बदल टिपतो. त्याचा अर्थ ‘पुढे’ असा आधी ठरवून दिलेला असतो. शिवाय हा भाग टाळूखाली, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पसरलेला आहे, कपाळामागे नाही. कपाळावरच्या पट्ट्याला मुख्यतः पापण्या, भुवया आणि जबड्याचे स्नायू सापडतात. त्यांचे सिग्नल कितीतरी मोठे असतात. ईईजी काढताना तंत्रज्ञ ‘दात आवळू नका’ म्हणून बजावतात ते यासाठीच. दात आवळले की पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम काळ्याकुट्ट, दाट होतात आणि मेंदूची लय त्यात पार बुडून जाते.

तंत्र मात्र खरं आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हातपाय लुळे पडलेला, व्हीलचेअरवरचा एक माणूस पाय हलवायची कल्पना करून आभासी रस्त्यावरून पुढे गेला, वाटेतल्या पात्रांपाशी थांबला. मला हे काम फार मोलाचं वाटतं. पण त्याच्या हाती आज्ञा एकच होती, चालणं. कल्पना सोडली की थांबणं. आणि त्यामागे बराच सराव होता.

‘कुणालाही जमतं’ हेही चूक. साधारण १५ ते ३० टक्के लोकांना अशा यंत्रांवर पुरेसा ताबा मिळत नाही, असा अंदाज संशोधक देत आले आहेत.

पुरावा म्हणून मेसेजमध्ये न्यूरालिंक या मेंदूत चिप बसवणाऱ्या कंपनीचं नाव आहे. २०२४ मध्ये त्यांच्या पहिल्या पेशंटच्या मेंदूत शस्त्रक्रिया करून १,०२४ इलेक्ट्रोड बसवले होते. पट्ट्याशी त्याचा संबंध नाही.

राहिलं चालण्याचं. पक्षाघातानंतर फिजिओथेरपीच्या जोडीला असं हालचालीच्या कल्पनेचं प्रशिक्षण दिल्यावर काही रुग्णांत सुधारणा दिसली आहे, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, नेहमीचे व्यायाम चालू ठेवून. व्हीआरमधली आकृती चालली म्हणजे पाय चालले असं नव्हे. पक्षाघातानंतरचे पहिले महिने सुधारणेसाठी सर्वांत महत्त्वाचे असतात. ते अशा पट्ट्यापायी वाया गेले, तर पैशांपेक्षा मोठं नुकसान होईल. म्हणून काकूंना सांगितलंय, काकांची फिजिओ एक दिवसही चुकवू नका. आणि डेमोला गेलातच, तर मनात काहीही न आणता नुसता जबडा घट्ट आवळा. आकृती तरीही पुढे सरकली, तर पैसे भरू नका.