पुस्तकं भिजली, तर शीतगृह कुणाचं?

मुंबईत दर मे महिन्यात नालेसफाईवर वाद पेटतो आणि सरकारी इमारतीला आग लागली की डिजिटायझेशनवर. २१ जून २०१२ रोजी मंत्रालय जळलं तेव्हाही ‘फायली आधीच स्कॅन करायला हव्या होत्या’ हाच सूर होता. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण जर्मनीतल्या कोलोनमध्ये बसून हे वाद वाचताना एक प्रश्न मला त्यांत सापडत नाही: इतकं करूनही कपाटं भिजलीच, तर रात्री आठ वाजता ग्रंथपालानं फोन कुणाला करायचा?

कोलोन हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकलं. ३ मार्च २००९ रोजी भुयारी रेल्वेच्या कामाशेजारी असलेलं शहराचं अभिलेखागार कोसळलं. शेजारच्या घरांतली दोन माणसं गेली आणि सुमारे तीस किलोमीटर लांबीच्या फळ्यांवरचे कागद ढिगाऱ्यात आणि भूजलात गाडले गेले. त्यातल्या काही कागदांच्या मायक्रोफिल्म फ्रायबुर्गजवळच्या बोगद्यात सुरक्षित होत्या. तरीही मूळ कागद उपसून काढले, ओले होते ते गोठवले, आणि त्यांच्या दुरुस्तीचं काम काही दशकं चालणारं आहे. प्रत हाताशी असली तरी मूळ कागद वाचवावाच लागतो. म्हणून स्कॅनिंगचा निधी मंजूर झाला की आपत्तीची तयारी झाली, हे मला पटत नाही.

इथल्या शहरांमध्ये अभिलेखागारं, ग्रंथालयं आणि संग्रहालयं आपसात लेखी करार करतात. एकावर वेळ आली की बाकीच्यांनी माणसं आणि सामान पाठवायचं. कोलोनच्या अग्निशमन दलाकडे तर खास याच कामाचा कंटेनर आहे: चिखल धुण्याची सोय, पॅकिंगची टेबलं, स्ट्रेच फिल्म, हातमोजे, मास्क. जुलै २०२१ च्या पुरात स्टोलबर्गच्या अभिलेखागाराच्या मदतीला तो गेला होता.

मात्र इथलं सगळं उचलून मुंबईत चालणार नाही. ओल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरते, असं इथल्या पुस्तिका सांगतात. जुलैतल्या मुंबईत मी २४ तासच धरीन. खिडक्या उघडून पंखे लावण्याचा सल्ला तर तिथे घातकच ठरेल. बाहेरच्या हवेतच ८५-९० टक्के आर्द्रता असते, ती आत घेतली की कोरडी राहिलेली कपाटंही ओल धरतात. खिडक्या बंद, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) चालू, आणि दिवसभरात वाळणार नाही ते गोठवायला रवाना. त्यातही आर्ट पेपरची गुळगुळीत पुस्तकं सर्वांत आधी, कारण ती तशीच वाळली तर पानं चिकटून त्यांची वीट होते. काचेच्या निगेटिव्ह गोठवायच्या नाहीत. मोडी कागदांवरची शाई बहुधा काजळ आणि डिंकाची. डिंक पाण्यात सुटतो, त्यामुळे त्यांवर टिपकागद घासायचा नाही, पानं सोडवायची नाहीत, रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, जसा आहे तसा गुंडाळायचा. मदतीला धावून येणाऱ्यांनाही हे आधी सांगावं लागतं. मुंबईकर मदतीला येतातच, पण पुस्तक उघडून उन्हात ठेवणं किंवा दाबून पाणी काढणं यानं पुरापेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं.

आता हिशेब. आधुनिक पुस्तक स्वतःच्या वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत पाणी पितं, १८४० पूर्वीचं ८० टक्क्यांपर्यंत. फुगल्यावर गच्च भरलेल्या फळ्या वाकतात, सांधे सुटतात आणि पुस्तकं चिखलात पडतात. म्हणून फळीवर थोडी जागा मोकळी हवी आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या जाळीदार भाजीच्या क्रेटमध्ये पुस्तकं बांधणीची बाजू खाली ठेवून एकाच थरात लावायची. एका क्रेटमध्ये अर्धा मीटर फळी मावते, वजन पंचवीसेक किलो. म्हणजे शंभर मीटर फळीला दोनशे क्रेट. थंड हवा फिरायला जागा सोडून इतकं सगळं वीस फुटी रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या, कंटेनरमध्ये बसतं.

आणि रीफर कंटेनर मुंबईला शोधावा लागत नाही. न्हावा शेवा बंदर जवळ आहे, तळोज्यात मासळी गोठवणारे कारखाने आहेत. उणे १८ ते उणे २५ अंशांवर गोठलेला कागद महिनोन्‌महिने तसाच थांबतो. मग थोडी थोडी पुस्तकं बाहेर काढून, पन्नास टक्क्यांखाली आर्द्रता ठेवलेल्या खोलीत निवांत वाळवता येतात. अडचण खाद्यपरवान्याची आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा रस्त्यांवरच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं होतं. तसल्या पाण्यात भिजलेली पुस्तकं मासळीच्या खोलीत कुणी ठेवू देणार नाही, देऊही नये. त्यामुळे वेगळा कंटेनर, डिझेल जनरेटरसह, हाच रस्ता. लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराच्या धोक्यामुळे काम करणाऱ्यांना गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच.

खरी गाठ इथे आहे. सार्वजनिक संस्थेला कंटेनर भाड्यानं घ्यायचा तर निविदा काढावी लागते, आणि निविदेला २४ तास पुरत नाहीत. म्हणून एप्रिलमध्येच दरकरार करून ठेवावा: कंटेनर, ट्रेलर, जनरेटर, क्रेट, स्ट्रेच फिल्म. शिवाय ग्रंथपालाला ठरावीक रकमेपर्यंत परवानगीविना खर्च करण्याचा लेखी अधिकार. एशियाटिक सोसायटी, काळाघोड्याचं राज्य अभिलेखागार, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांनी मिळून एकच दरकरार केला तर प्रत्येकाला तो परवडेल. लहान ग्रंथालयांसाठी राज्याच्या ग्रंथालय संचालनालयानं अनुदानाच्या तपासणीत अशा दरकराराची विचारणा करावी.

फोर्टातल्या जुन्या इमारतींत पाणी बहुतेकदा रस्त्यावरून येत नाही, छतावरून येतं: तुंबलेली पन्हळ, कबुतरांची घरटी, फुटलेला बिडाचा नळ. त्यामुळे रस्त्यावरच्या नालेसफाईइतकीच छतावरची सफाईही महत्त्वाची, आणि ती मेअखेर झालीच पाहिजे. साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर होतात. त्या दिवशी जोराचा पाऊस आला तर पाण्याचा निचरा लवकर होत नाही, म्हणून रात्रपाळीला छताच्या जिन्याची किल्ली असलेला माणूस हवा.

आगीसाठी आधी वाचवायच्या वस्तूंची यादी मजल्याच्या नकाशावर, फोटोसह, लॅमिनेट करून बंद पाकिटात ठेवावी. ती दारावर चिकटवायची नाही, चोरालाही तीच हवी असते. जवळच्या अग्निशमन केंद्राला मात्र ती समक्ष दाखवावी, कारण धुरात शिरलेल्या जवानाला कपाटाचा क्रमांक लागतो, पुस्तकाचं महत्त्व नव्हे.

हे सगळं जमतं की नाही, ते एका दिवसात कळतं. बाद केलेली दोनशे पुस्तकं मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी पाण्यात बुडवावीत, क्रेट भरावेत आणि कंटेनरवाल्याला खरोखर फोन लावावा.