निघायचं हे ठरलं होतं, कसं निघायचं हे कुठे ठरलं होतं?

दरवर्षी २३ जून जवळ आला की आमच्या इथल्या, ब्रिटनमधल्या मराठी ग्रुपवर ब्रेक्झिटचा तोच वाद पेटतो. २०१६ला ह्याच तारखेला ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचं का ह्यावर सार्वमत घेतलं आणि बाहेर पडायचं ठरलं. एक पार्टी म्हणते लोकांनी कौल दिला, विषय संपला, आता रडारड बंद करा. दुसरी म्हणते ५२-४८ हा कसला डोंबलाचा कौल, युनियनला जाणारे आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतील असं गाजर बसवर रंगवून मतं घेतली. मग कोणीतरी गुलाबाच्या फुलाचा फॉरवर्ड टाकतं आणि तेवढ्यापुरतं शांत होतं. मी तिथे गप्प बसते, कारण दिवाळीला ह्याच मंडळींकडून हॉलचे पैसे गोळा करायचे असतात. पण इथे लिहिते.

मी रिमेनला, म्हणजे युनियनमध्ये राहायला, मत दिलं होतं. हो, भारतीय पासपोर्टवर, वर्क व्हिसावर असताना. तिकडे भारतात बऱ्याच जणांना हे माहीतच नाहीये की इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना त्या सार्वमतात मताचा हक्क होता आणि वीस-वीस वर्षं इथे टॅक्स भरणाऱ्या फ्रेंच, पोलिश, जर्मन माणसाला नव्हता (आयरिश, माल्टा आणि सायप्रसवाले सोडून). सगळ्यात कहर म्हणजे इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातले गोंयकार. पोर्तुगीज काळात गोव्यात जन्मलेल्या आजी-आजोबांच्या कागदांवर पोर्तुगालचा पासपोर्ट काढायचा आणि युरोपियन म्हणून इंग्लंडला कामाला यायचं, असे हजारो लोक तिथे आहेत. ज्यांचं इथलं राहणंच पणाला लागलेलं त्यांना मत नाही, आणि प्रोजेक्टवर येऊन टेकलेल्या मला आहे! भारतीय पासपोर्ट सोडला नसता तर बिचाऱ्यांना मत देता आलं असतं, पण मग ते इथे आलेच नसते.

एवढं सगळं असूनही माझं मत असं आहे की निकाल पाळायलाच हवा होता. माझ्या रिमेनवाल्या मित्रांना हे पटत नाही, ते लगेच कायदा काढतात की सार्वमत फक्त सल्ला होता, २०१५च्या कायद्यात सरकारवर काही बंधन नव्हतं. बरोबर आहे, नव्हतं. २०११ला मतदान पद्धत बदलायची का ह्यावर सार्वमत झालं तेव्हा निकाल लागू करायची तरतूद कायद्यातच होती, ह्यावेळी ठेवलीच नाही. पण मग एप्रिल २०१६मध्ये ९३ लाख पौंड खर्चून घरोघरी जे पत्रक टाकलं त्याचं काय? हा निर्णय तुमचा आहे, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल, असं त्यात स्वच्छ छापलेलं. माझ्याही दारात पडलं होतं पिझ्झाच्या ऑफरसोबत. लोकांना असं लिहून द्यायचं आणि हरल्यावर म्हणायचं की अहो तो नुसता सल्ला होता, ही वकिली झाली. १ कोटी ७४ लाख लोकांनी मत दिलं होतं, त्यातल्या कितीतरी जणांना आपल्या मताने काहीतरी होतंय असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं. त्यांना ‘तुम्हाला कळत नव्हतं’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

आता लीव्हवाल्यांकडे, म्हणजे बाहेर पडा म्हणणाऱ्यांकडे येते. मतपत्रिकेवर प्रश्न एका वाक्याचा होता, युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, खाली दोन चौकोन आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. (पेन्सिलने केलेली फुली गुप्तचर खातं खोडून टाकेल म्हणून लीव्हवाले घरून पेन घेऊन आले होते, खरंच.) सिंगल मार्केटमधून (युनियनची सामाईक बाजारपेठ) बाहेर पडायचं का, कस्टम्स युनियनचं (आपसात जकात नाही, बाहेरच्या मालाला एकच जकात) काय, ब्रिटनचं उत्तर आयर्लंड आणि युनियनमधलं आयर्लंड ह्यांच्यामधल्या सीमेवर काय करायचं, ह्यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. प्रचारात तर ज्याला जे हवं ते लीव्हमध्ये होतं, करी रेस्टॉरंटवाल्यांना सांगितलं होतं की युरोपियन कमी झाले की तुमचे आचारी आणायला सोपं जाईल. आणि निकालानंतर जो तो आपल्या मनातलं ब्रेक्झिट तेवढं जनतेची इच्छा म्हणून विकायला लागला. विचारलं की गद्दार. कलम ५० (युनियनमधून निघायची अधिकृत नोटीस) लागू करण्याआधी संसदेला विचारा एवढंच हायकोर्टाने म्हटलं तर एका मोठ्या पेपरने पहिल्या पानावर न्यायाधीशांचे फोटो लावून त्यांना जनतेचे शत्रू ठरवलं.

आणि रिमेनवाल्यांनी अडवलं हे जे आमचे एक काका दरवर्षी सांगतात ना, त्यांनी जरा मतांचे आकडे बघावेत. फेब्रुवारी २०१७मध्ये कलम ५०चं बिल खासदारांनी ४९८ विरुद्ध ११४ने पुढे सरकवलं, त्यात रिमेनवाले ढिगाने होते. १५ जानेवारी २०१९ला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांची बाहेर पडायची डील २०२ विरुद्ध ४३२ अशी आपटली तेव्हा विरोधात त्यांच्याच पक्षाचे ११८ जण होते, कट्टर ब्रेक्झिटवाले त्यात पुढे. ती डील तीनदा मताला आली, त्यात लीव्हच्या प्रचारातले पुढारी बोरिस जॉन्सन यांनी पहिल्या दोन्ही वेळा विरोधात मत दिलं. म्हणजे देश बाहेर पडत होता, करार टेबलावर होता, आणि तो पाडायला बाहेर पडायची सगळ्यात जास्त घाई असलेले लोक पुढे! त्यानंतर खासदारांनी एकेक पर्याय मताला टाकला, एकालाही बहुमत नाही. कस्टम्स युनियनचा तर १ एप्रिलला ३ मतांनी पडला.

लीव्हचे कट्टर पुढारी नायजेल फराज साहेबांनी तर मतदानाआधीच सांगून ठेवलं होतं की ५२-४८ झालं तर विषय संपणार नाही. फक्त तेव्हा त्यांना वाटत होतं आपण ४८मध्ये असू.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १६ जानेवारी १९६७, गोव्याचा ओपिनियन पोल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे आहे तसं केंद्रशासित प्रदेश. तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष विलीनीकरणाच्याच मुद्द्यावर उभा राहिलेला, मतदान निःपक्ष व्हावं म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामाही दिला. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. महाराष्ट्रात कितीतरी लोकांना ते झोंबलं. पण फुलाला मत दिलं तर काय मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, महाराष्ट्र काय शेजारीच होता, आणि दोन पानं म्हणजे काय ते तर लोक जगतच होते. त्यामुळे हरणाऱ्यालाही आपण नक्की काय हरलो ते कळलं. मार्चमध्ये निवडणूक झाली तेव्हा त्याच गोव्याने बांदोडकरांनाच परत मुख्यमंत्री केलं. इथे ३१ जानेवारी २०२०ला बाहेर पडलो तरी जिंकलेलेच एकमेकांना विचारत होते की हेच का ते.

म्हणून लोकमत बदललंय तर पुन्हा आत जाण्याची मागणी करणं हा लोकशाहीचा अपमान वगैरे अजिबात नाही. एकदा बाहेर पडून झालं, शब्द पाळून झाला, आता रिजॉइनचा प्रचार बिनधास्त करा. उद्या त्यासाठी सार्वमत मागणारं पिटिशन आलं तर मीही सही करेन, फक्त आधी मला लेखी द्या: पौंड ठेवणार की युरो घेणार, शेंगेनमध्ये (आपसातल्या सीमेवर पासपोर्ट न तपासणारे युरोपातले देश) जाणार का, वर्षाला किती पैसे भरायचे, आणि पोलंडच्या प्लंबरला पुन्हा येऊ देणार का. आत्ताच्या रिजॉइनवाल्यांना हे विचारलं की तेही म्हणतात, ते नंतर बघू.