‘दोन हजार वर्षं जशीच्या तशी’: भरतनाट्यमबद्दलच्या त्या फॉरवर्डला उत्तर

नृत्यवर्गांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो: ‘भरतनाट्यम ही देवळातली भक्ती, दोन हजार वर्षं जशीच्या तशी चालत आलेली. तिला जात, लिंग, शरीर असले पाश्चात्त्य सिद्धांत लावू नका.’

‘जशीच्या तशी’? तामिळनाडूतल्या चिदंबरमच्या देवळाच्या गोपुरात करणं, म्हणजे नृत्याच्या शास्त्रोक्त मुद्रा-हालचाली, कोरलेली आहेत, मुळं जुनी आहेत, वाद नाही. पण आज वर्गात शिकवतात तो अलारिप्पू (सुरुवातीचा छोटा नाच) ते तिल्लाना (शेवटचा जलद नाच) हा कार्यक्रमाचा क्रम बसवला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चौघा भावांनी. त्यांचा आश्रयदाता तंजावरचा मराठा दरबार. (तिथे नाचासाठी मराठीत निरूपणंही (नाचून सांगायच्या गीतकथा) रचली गेली, आपल्याकडचे किती वर्ग हे सांगतात?) ‘भरतनाट्यम’ हे नाव रुळलं १९३०च्या दशकात. तोवर लोक सदिर म्हणत.

‘देवळातली भक्ती’ हे अर्धंच खरं. सदिर दरबारात व्हायचं, लग्नघरीही व्हायचं, आणि करणाऱ्या बायका पिढीजात कलावंत होत्या. १९४७च्या मद्रास कायद्यानं मुली देवाला वाहणं बंद झालं, त्यांचा देवळातला नाचही. तोवर ब्राह्मण घरांतल्या मुली रंगमंचावर आल्या होत्या. त्यांतल्याच नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा पहिला कार्यक्रम १९३५चा. नर्तकीच्या मागे उभे राहणारे साथीदार त्यांनी बाजूला बसवले, मंचावर नटराज आणला, उघड शृंगाराची पदं (अभिनयासाठीची गीतं) गाळली. पिढीजात घराण्यातल्या नर्तकी बालसरस्वतींना ते पटलं नाही. त्यांच्या लेखी शृंगार हाच अभिनयाचा गाभा. पदातली तीच ओळ एकीच्या अंगावर भक्ती ठरते आणि दुसरीच्या अंगावर अश्लील, तेव्हा जातीचा प्रश्न बाहेरून आणावा लागत नाही.

‘शरीर हा पाश्चात्त्य विषय.’ हा दावा सगळ्यात पोकळ. डोकं, हात, छाती, कुशी, कंबर, पाय अशी सहा अंगं नाट्यशास्त्रच मोजतं, वर डोळे, भुवया अशी चेहऱ्याची सहा उपांगं. आणि अरैमंडी, म्हणजे नाचातली मूळ अर्धी बैठक, बघा. टाचा जवळ, पावलं बाहेर, गुडघे बाजूला. मांडी खुब्यातून न उघडता नुसती पावलं वळवली की गुडघे पुढे येतात, पाठीला बाक येतो आणि तट्ट अडवू (पाय आपटण्याचा पायाभूत अडवू; अडवू म्हणजे नाचाच्या हालचालीचा एकक) तिसऱ्या काळात, म्हणजे सगळ्यात जलद लयीत, गेला की गुडघा बोलू लागतो. हे ‘सुबक’ अंग जन्मजात नसतं, रोजच्या तालमीत घडतं. मुलाला ‘हात एवढा नाजूक नको’ म्हणून थांबवतात, तेव्हा त्याच तालमीत पुरुषपणही घडत असतं.

‘सिद्धांत म्हणजे शब्दांचा भारा.’ थोडं खरंय, बरेच प्रबंध तसेच असतात. उपाय साधा आहे. एकच पद, दोन नर्तकींचं, घ्या. आधी आवाज बंद करून पाहा, मग डोळे मिटून ऐका, मग दोन्ही एकत्र. एका ओळीवर किती संचारी (त्याच ओळीचे अभिनयातून केलेले वेगवेगळे विस्तार), नजर कुठे थांबते, श्वास कुठे सुटतो, एवढं टिपा. बहुतेक जण पदाचा शब्दार्थ लिहून मोकळे होतात, शरीर राहूनच जातं. काही जण क्लोजअपच्या रेकॉर्डिंगवरून पावलांबद्दल लिहितात! बालसरस्वती स्वतः गात अभिनय करत. अशा अभिनयात अडवू मोजत बसलात तर वही कोरीच राहील. आडनाव वाचून हालचालीत जात शोधू नका. कुणाला मंच मिळाला, कुणाची तालीम ‘शुद्ध’ ठरली, तिथे शोधा.