साठ ते सत्तर हे आयुष्यातलं ‘सर्वात कर्तबगार दशक’? त्या फॉरवर्डचा पंचनामा

ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर गेली काही वर्षं फिरतो आहे. अमेरिकेतल्या म्हणे एका प्रचंड संशोधनानुसार माणसाचं सर्वात कर्तबगार दशक 60 ते 70, त्याखालोखाल 70 ते 80 आणि तिसऱ्या क्रमांकावर 50 ते 60. पुरावा काय, तर नोबेल विजेत्यांचं सरासरी वय 62 आणि पोपांचं 76. खाली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चा 2018 सालचा संदर्भ, ‘70.389’ अशा आकड्यासह. याचाच एक जुळा भाऊ आहे. तो सांगतो की साठीनंतर मेंदूतलं मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं वेष्टण, वाढतं आणि बुद्धी 300 टक्क्यांनी तल्लख होते.

साठीच्या शुभेच्छांना जोडायला मजकूर झकास आहे. अडचण एवढीच की त्यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

आधी संदर्भ. या नियतकालिकाचे 2018 सालचे खंड 378 आणि 379. ‘70.389’मधला 389 हा खंडाचा आकडा धरला, तर तो खंड निघाला 2023 मध्ये. म्हणजे 2018 सालचा म्हणून दिलेला आकडा त्या सालाशीच जुळत नाही. आणि माणसाचं कर्तबगार दशक शोधणारा असा अभ्यास त्यात आलेलाच नाही.

नोबेलचा मुद्दा मात्र मजेदार आहे, कारण तो उलट बाजूने साक्ष देतो. पारितोषिक हातात पडतं तेव्हाचं वय आणि काम केलं तेव्हाचं वय यांत कधी कधी अख्खं आयुष्य जातं. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर 1930 साली बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. ताऱ्यांच्या अखेरीबद्दलची त्यांची मूळ गणितं त्या प्रवासातली. नोबेल मिळालं 1983 मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी. रॉजर पेनरोज यांचा कृष्णविवरांवरचा निबंध 1965चा आणि नोबेल 2020चं, म्हणजे 89व्या वर्षी. सी. व्ही. रामन यांना लवकर मिळालं, 1930 मध्येच, पण ‘रामन परिणाम’ सापडला तेव्हा तेही चाळिशीच्या आतच होते. विजेत्यांच्या वयाची सरासरी काढून स्टॉकहोमची समिती किती सावकाश चालते ते कळेल, माणूस कधी बहरतो ते कळणार नाही.

पोपांबद्दल फार बोलायला नको. ज्येष्ठ कार्डिनल, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, आपल्यातून एकाला निवडतात आणि तो बहुधा मरेपर्यंत पदावर राहतो. सरासरी वय जास्त येणार नाही तर काय!

मेंदूच्या दाव्यात तथ्याचा एक कण आहे. शब्दसंग्रह आणि अनुभवातून आलेली जाण साठीपर्यंत टिकते, बऱ्याच जणांत वाढतेही. काही कामांत वयस्कर मेंदू दोन्ही बाजू जास्त वापरताना दिसतो. पण अनेक संशोधक त्याला घटलेल्या क्षमतेची भरपाई मानतात. मेंदूतला मायलिनयुक्त पांढरा भाग चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास कमाल होतो आणि मग हळूहळू घटतो. नवीन माहिती झटपट पचवण्याचा वेग तर त्याच्याही आधीपासून उतरतो. 300 टक्के कुठून आले, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

इथे कुणीतरी महर्षी कर्व्यांचं नाव घेईलच, आणि घ्यावंही. 1916 साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा ते 58 वर्षांचे होते आणि शंभराव्या वर्षी भारतरत्न झाले. पण हिंगण्याच्या विधवा-शिक्षणाच्या कामाचा पाया त्यांनी चाळिशीच्या आत घातला होता. शिवाय एका कर्व्यांवरून सरासरी निघत नाही.

मला या फॉरवर्डबद्दल खरा राग आहे तो वेगळ्याच कारणाने. ते बोलतं कुणाशी? पेन्शन चालू आहे, गुडघे बरे आहेत, मुलं मार्गी लागली आहेत, अशा माणसाशी. चाळीस हंगाम ऊसतोड केलेल्या बाईला साठीचं दशक कर्तबगारीचं आहे असं सांगून बघा. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या सुमारे 72 हजार लोकांची पाहणी केली. त्यात साठीपुढच्या 75 टक्के लोकांना एखादा तरी जुनाट आजार आढळला आणि 40 टक्क्यांना कुठलं ना कुठलं अपंगत्व. अशा माणसाने फॉरवर्ड वाचून काय समजायचं? आपणच कुठे कमी पडलो म्हणून? आणि म्हातारपण इतकं सुपीक असेल तर आधाराची मागणी कशाला, असंही कुणी विचारेल. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांच्या निवृत्तिवेतनात 60 ते 79 वयासाठी केंद्राचा वाटा आजही महिना 200 रुपये आहे.

वृत्तीला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या पन्नाशीपुढच्या 660 लोकांचा एक अभ्यास 2002 साली आला. स्वतःच्या म्हातारपणाकडे आनंदाने बघणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, कार्यकारणाचा छापील दाखला नव्हे. तरी खोट्या संदर्भापेक्षा कितीतरी वजनदार.

आणि रोज करण्याजोगंही पुष्कळ आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, आपल्या आवाक्यातली 14 कारणं मोजली. ती सगळी टाळता आली तर जवळपास 45 टक्के प्रकरणं टळू शकतील किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, एकटेपणा, कमी दिसणं, कमी ऐकू येणं अशी ती साधी यादी. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सुचवते. सकाळच्या हास्यक्लबात टाळ्या वाजवून झाल्यावर, जमेल त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सरावही करावा, त्याला काही सामान लागत नाही.

त्या यादीत आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित आहेत ते कान. मोतीबिंदू काढायला माणूस तयार होतो, चष्म्याची तर लाजच वाटत नाही, पण कानाचं यंत्र घेतलं तरी ड्रॉवरमध्ये पडून राहतं. मग ऐकू येत नाही म्हणून घरच्या गप्पांत भाग नाही, भाग नाही म्हणून कट्ट्यावर जाणं बंद, आणि घरचे म्हणतात, ‘आजोबा हल्ली अबोल झालेत.’