पाण्यावर चालणारा जनरेटर

सिन्नरकडच्या माझ्या मामेभावाने परवा रात्री पावणेदोनला व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ टाकला. पाण्यावर चालणारा जनरेटर. लिटरभर पाण्यात म्हणे अख्खं घर उजळतं. खाली प्रश्न : "दादा, खरंच असतं का असं?"

मी इथे चेंबूरला पंख्याखाली लोळत होतो. आधी हसलो. मग मेसेजची वेळ बघितली. त्या आठवड्यात त्यांच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची होती. पायात गमबूट, हातात बॅटरी, कांद्याला पाणी भरणं चालू, आणि बिबट्याच्या भीतीने मोबाइल फुल आवाजात. असा माणूस तो व्हिडिओ शेवटपर्यंत नाही बघणार तर कोण बघणार?

आणि हसायचंच तर सुरुवात माझ्या घराशेजारच्या ट्रॉम्ब्यापासून करावी लागेल.

२३ मार्च १९८९. अमेरिकेत युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ असलेलं पाणी) पॅलेडियम धातूची कांडी बुडवून वीज सोडली की सूर्याच्या पोटात होतं तसलं फ्यूजन, म्हणजे अणुकेंद्रं एकमेकांत मिसळून ऊर्जा सुटणं, टेबलावरच्या बरणीत होतं, असा दावा. पाठोपाठ ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही, म्हणजे बीएआरसीत, प्रयोग सुरू झाले. संचालक पी. के. अय्यंगार स्वतः त्यात उतरले. वर्ष संपता संपता अहवाल आला : न्यूट्रॉन दिसले, ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) सापडलं, म्हणजे फ्यूजनच्या खुणा मिळाल्या. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या समितीने पटण्याजोगा पुरावा नाही असं सांगून टाकलं होतं.

याला भोळेपणा म्हणणं मला पटत नाही. १९७४ च्या पोखरणनंतर कॅनडाने हात काढून घेतला होता, तारापूरच्या इंधनासाठी अमेरिकेने आपल्याला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं होतं. आपलं युरेनियम थोडं, तेही हलक्या प्रतीचं. जड पाणी मात्र नांगलला १९६२ पासून निघत होतं आणि ट्रिटियम मोजणं हे ट्रॉम्ब्यातलं रोजचं काम. ज्याला सगळ्यांनी दारातून परतवलंय आणि ज्याच्या घरात निम्मं सामान तयार आहे, तो बरणी मांडून बघणारच. जपानचं बघा. तेल बाहेरचं, गॅस बाहेरचा. तिथल्या सरकारने जगाने नाक मुरडल्यावरही काही वर्षं या प्रयोगांना पैसा पुरवला, काहीच हाती लागेना तेव्हा १९९७ ला गाशा गुंडाळला. मला त्यात काही लाजिरवाणं दिसत नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अक्कल असते हो, पण मोजताना हात हलतो. अणुभट्टीत वापरलेल्या जड पाण्यात ट्रिटियम आपोआप साठत जातं. जिथे ते रोज हाताळलं जातं, तिथे बरणीतलं कणभर ट्रिटियम आतच जन्मलं की बाहेरून शिरलं, हे ज्यांना ते हवंच आहे त्यांनी ठरवू नये. उत्तर काहीही आलं तरी ज्याचं काही बिघडत नाही, त्याच्या हाती मोजपट्टी द्यावी. गूगलच्या पैशावर एका गटाने हेच प्रयोग काही वर्षं निवांत केले आणि २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं, असं काही आढळलं नाही. त्यांना घाई कुठे होती!

(गरम फ्यूजनचं, म्हणजे प्रचंड तापमानात करायच्या फ्यूजनचं म्हणाल तर ते वीस वर्षांत ताब्यात येईल असा वायदा भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हात केला होता. सत्तर होऊन गेली. तरी आपण २००५ पासून इटर या फ्रान्समधल्या अनेक देशांच्या फ्यूजन प्रकल्पात आहोत, त्याच्या अवाढव्य क्रायोस्टॅटचे, म्हणजे भट्टीभोवतीच्या पोलादी कवचाचे, भाग गुजरातेत हजिऱ्याला घडले. तो पैसा मला खटकत नाही. वीज येईल तेव्हा येईल, ते काम शिकलेले हात आपले आहेत.)

तर भावाला मी लिहिलं, खोटं आहे रे, पाणी फोडायला जेवढी वीज घालशील तेवढीही परत मिळत नाही, कुणाला पैसे पाठवू नकोस.

त्याचं उत्तर लगेच आलं. "पैसे कोण पाठवतंय, नुसतं बघत होतो. थांब, मोटर बंद पडली. लाईट गेली वाटतं."